एमपीव्ही किती आहेत हे नंतर, आधी कशा आहेत ते विचारा

गडचिरोलीत माओवाद्यांचा भूसुरुंग फुटला की दुसऱ्या दिवशी ठरलेला सवाल येतो: जवानांना एमपीव्ही, म्हणजे सुरुंगापासून बचाव करणारी चिलखती गाडी, का दिली नाही? 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ 15 पोलीस आणि खासगी गाडीचा चालक गेले, तेव्हाही हाच सवाल होता. सवाल रास्त आहे, पण अर्धवट. 13 मार्च 2018 ला सुकमा जिल्ह्यात किस्टारामजवळ सीआरपीएफचे नऊ जवान गेले, ते एमपीव्हीतच बसलेले होते.

या गाडीचं पोट व्ही आकाराचं आणि जमिनीपासून उंच असतं. स्फोटाचा दाब दोन्ही अंगांनी निसटतो. चाकं, एक्सल उडून जातात, आणि ते उडण्यासाठीच असतात. पण प्रत्येक पोट किती किलो स्फोटकं झेलेल याला मर्यादा आहे. चिलखती गाड्यांसाठीच्या नाटोच्या स्टॅनॅग 4569 मानकात सुरुंगाची चौथी पातळी म्हणजे 10 किलो. आपल्या मेदकच्या सरकारी शस्त्रनिर्माण कारखान्याची 'आदित्य' एमपीव्ही ज्या दक्षिण आफ्रिकी कॅस्पिरवर बेतली, तिची मर्यादा चाकाखाली 21 किलो आणि पोटाखाली 14. हे आकडे कारखान्यात बनलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांचे हिशेब धरून काढलेत. दंडकारण्यात मोरीखाली पुरलेला स्फोटकांचा माल त्या हिशेबात बसत नाही. म्हणजे गाडी खोटी नाही, तिच्याकडून केलेली अपेक्षा खोटी आहे.

आता आतलं बघा, कारण इथेच जास्त माणसं वाचू शकतात. पत्रा फाटला नाही तरी गाडी उसळते. मग घोटे, मणका आणि मान जाते. म्हणून सीट तळाला बोल्ट केलेली नको, बाजूच्या भिंतीला किंवा छताला टांगलेली हवी. पाय तळावर नकोत, फूटरेस्टवर हवेत. चार टोकांचा पट्टा लावायलाच हवा. जवान तो लावत नाहीत, आणि त्यात निव्वळ बेफिकिरी नसते: जाकीट, मॅगझिन, पाठपिशवी घातल्यावर पट्टा पुरतच नाही. निविदेत पट्ट्याची लांबी अंगावरच्या सामानासकट मोजा, एवढं साधं कलम लागतं. मोकळी ठेवलेली दारूगोळ्याची पेटी स्फोटात आतल्या आत माणूस मारते. तिला क्लॅम्प हवा.

गोळीचंही तसंच. 'एके-47 रोधक' हे शब्द कागदावर पुरेसे नाहीत. मऊ गाभ्याची गोळी वेगळी, कडक पोलादी गाभ्याची वेगळी. चाचणी कुठल्या गोळीने, किती मीटरवरून, आणि दाराच्या सांध्यावर व काचेच्या कडेवर घेतली का, हे लिहून घ्यावं. नुसता पत्रा पास झाला म्हणून गाडी पास होत नाही.

खरेदीला आधुनिकीकरणाचा निधी मिळतो, फीत कापली जाते, फोटो निघतो. पुढची दहा वर्षं मात्र पोलिसांच्या एमटी (मोटार परिवहन) शाखेच्या चालू खर्चावर. विदर्भाच्या उन्हात बुलेटप्रूफ काचेचे थर सुटतात, बुडबुडे येतात, चालकाला धड दिसत नाही. जड दारांच्या बिजागऱ्या खचतात. एसी बंद पडला की त्या डब्यात बसवत नाही, मग वरचं झाकण उघडं ठेवून फिरतात, म्हणजे चिलखताचा उपयोग संपला. टायर आणि सस्पेन्शनचे भाग तालुक्याच्या बाजारात मिळत नाहीत. खरेदीसोबतच पाच वर्षांचे सुटे भाग आणि देखभालीचा करार नसेल, तर गाडी मुख्यालयात उभी राहते आणि जवान पुन्हा पिकअपमध्ये.

एमपीव्हीचा चालकही वेगळा घडवावा लागतो. वजन दहा टनांच्या वर, गुरुत्वमध्य उंच. पावसाळ्यात रस्त्याची कड खचली की कलंडते. शिवाय ती रस्ता सोडू शकत नाही, आणि भामरागड, एटापल्लीकडे रस्ते मोजकेच. येण्याजाण्याची वाट समोरच्याला आधीच माहीत असते. आरओपीने, म्हणजे आधी रस्ता तपासत जाणाऱ्या तुकडीने, मोऱ्या तपासल्याशिवाय एमपीव्ही पाठवणं म्हणजे उलट एकाच डब्यात दहाबारा जण भरून देणं.

मुंबईची गरज याहून निराळी. 26/11 नंतर शहर पोलिसांनी महिंद्राची मार्क्समन ही चिलखती गाडी घेतली; तिथे प्रश्न गोळी आणि हातगोळ्याचा, सुरुंगाचा नव्हे. दोन्ही गाड्यांना 'बुलेटप्रूफ' म्हणून एकाच यादीत टाकणाऱ्या बातम्या वाचताना आमदारांनी आणि पत्रकारांनी तीन गोष्टी विचाराव्यात: किती किलोला चाचणी झाली, आज किती गाड्या चालू स्थितीत आहेत, आणि सुट्या भागांवर गेल्या वर्षी किती खर्च झाला.