नळाच्या पाइपाला वायर गुंडाळली की झालं अर्थिंग? नाही झालं!

परसातल्या खोलीत पंप नाहीतर वॉशिंग मशीन न्यायचं, घरातून दोनच वायर ओढायच्या, आणि अर्थ कुठे जोडली विचारलं की उत्तर ठरलेलं: "नळाच्या पाइपाला बांधलीय, पाइप जमिनीतच जातो ना!" डोकं फिरतं हे ऐकून. अहो, वाटेत कुठे प्लॅस्टिकचा तुकडा आहे, पुढच्या दुरुस्तीत प्लंबर कुठला भाग कापून पीव्हीसी टाकणार आहे, यातलं काही माहीत आहे का तुम्हाला? ज्या दिवशी मध्ये प्लॅस्टिक आलं त्या दिवशी अर्थिंग गेली. मग पंपाच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन गेलं की तीच हिरवी वायर करंट थेट तोटीपर्यंत नेऊन पोहोचवते.

त्याहून संताप येतो तो बल्बच्या चाचणीचा. फेज आणि पाइप यांच्यामध्ये 40 वॅटचा बल्ब लावायचा आणि पेटला की म्हणायचं, अर्थिंग उत्तम. कसली उत्तम? त्या बल्बला 230 व्होल्टवर जेमतेम 0.17 अँपिअर लागतात. मातीतल्या वाटेचा रोध 100 ओहम असला तरी तो जवळजवळ तेवढाच उजळ पेटतो. आता त्याच 100 ओहममधून बिघाडाचा करंट किती जाईल? 2.3 अँपिअर. बी प्रकारचा 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की सप्लाय तोडणारा स्विच) नक्की झटक्यात पडायला 80 अँपिअर लागतात, म्हणजे फेजपासून परतीपर्यंतच्या सगळ्या वाटेचा रोध 2.87 ओहमच्या आत हवा. 2.3 अँपिअरला तो जन्मात पडणार नाही! तोवर खोलीतल्या प्रत्येक पाइपात जवळपास पूर्ण 230 व्होल्ट उतरलेले, आणि पायाखाली ओली फरशी. शिवाय पाइप मध्येच तुटक असेल, तर चाचणी चालू असताना नळाला हात लावणाऱ्याच्या अंगातून बल्बचा करंट जातो.

अर्थिंग वेगळी, बाँडिंग वेगळं. हे कितीदा सांगायचं? अर्थिंगमुळे बिघाडाच्या करंटला परतीची वाट मिळते आणि सप्लाय तुटतो. बाँडिंगमुळे हाताशी येणारा सगळा धातू एकाच व्होल्टेजला राहतो, म्हणून एक हात मशीनवर आणि दुसरा नळावर असला तरी मोठा झटका बसत नाही. पाइपाला बाँडिंग करायचं असतं. पाइपालाच अर्थ म्हणून वापरायचं नसतं.

आणि करायचं तर नीट करा. खोलीतल्या बोर्डात अर्थची पट्टी बसवा. तिथून 10 चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी तांब्याची वायर पाइप खोलीत शिरतो तिथपर्यंत न्या, शक्यतो 60 सेंटिमीटरच्या आत आणि पहिली शाखा फुटण्याआधी. रंग-गंज घासून चकचकीत धातू दिसू द्या, मगच पाइपाच्या मापाचा अर्थ क्लॅम्प आवळा. बांधणीच्या तारेचे वेढे म्हणजे क्लॅम्प नव्हे, ते ढिले होतात आणि खालून गंजतात. दोन पाइप असतील तर वायर न कापता पहिल्या क्लॅम्पमधून पुढे न्या, म्हणजे एक सुटला तरी दुसरा जोडलेला राहतो. क्लॅम्प प्लास्टरखाली गाडू नका. त्याला "काढू नये" अशी पाटी लावा. शेवटी वायरचं टोक आणि खुद्द पाइपाचा धातू यांच्यातला रोध मोजा, तो 0.05 ओहमच्या आत यायला हवा.

"2.5 ची तीन कोअर केबल टाकलीय, त्यातली हिरवी पुरे की." मशीनला पुरेल, पाइपाच्या बाँडिंगला नाही! जिथे सप्लायची न्यूट्रल आणि अर्थ एकाच तारेतून येते, तिथे ती तार बाहेर तुटली की घराचा न्यूट्रलचा करंट पाइपातून वाट शोधतो. तो या बारीक वायरने वाहून न्यायचा? तापून जळेल ती.

अशा ठिकाणी खोलीला स्वतःचा अर्थ रॉड आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) देणं बरं. हिशोबाने रॉडचा रोध 1667 ओहमपर्यंत चालतो, पण माती सुकली की रोध चढतो, म्हणून 200 च्या आत ठेवा. मग घराची अर्थ या खोलीत जोडायची नाही, केबलचं चिलखतसुद्धा (तिच्यावरचं धातूचं आवरण) या टोकाला सुटं आणि झाकलेलं ठेवायचं. इतकं सगळं करून लोक घरातून येणारा लोखंडी पाइप दोन्हीकडे बाँड करतात आणि दोन अर्थ पुन्हा एक करून टाकतात! त्या पाइपात खोलीत शिरतानाच प्लॅस्टिकचा तुकडा घाला.

उलट, पाइप प्लॅस्टिकचाच येत असेल तर आतल्या वीतभर धातूच्या तोटीला वायर लावण्याचा हट्ट कशाला? 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तोटी ते अर्थ रोध मोजा. 22 किलोओहमच्या वर असेल तर तिला बाँडिंग लागतच नाही.

आणि कृपा करून आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून "अर्थिंग चेक केली" म्हणू नका. ते बटण त्या उपकरणातच फेज आणि न्यूट्रलमध्ये करंट सोडतं, अर्थ वायरचा त्यात काही भाग नसतो. अर्थ तुटलेली असली तरी तो पडणारच. लूपचा, म्हणजे फेजपासून परतीपर्यंतच्या वाटेचा रोध आणि रॉडचा रोध मीटरने मोजा, आकडे बोर्डाच्या दारावर लिहा, आणि मग मला सांगा काम झालं म्हणून.