नाबाद ११४

नाशकात रोज सकाळी शेकडो माणसं 'गोल्फ क्लबवर' जातात. त्यातलं एकही गोल्फ खेळायला जात नाही. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या त्या तरुणाचं नाव मैदानाला दिलं हे फार योग्य झालं, पण रिक्षावाल्याला 'कान्हेरे मैदान' म्हटलं की तो विचारात पडतो आणि 'गोल्फ क्लब' म्हटलं की लगेच भाडं सांगतो. आत क्रिकेट चालतं, रणजीचे सामनेही झालेत, आणि कडेच्या ट्रॅकवर आम्ही साखरवाली मंडळी फेऱ्या मारतो.

अशा गावात राहून मी गोल्फची स्कोअरकार्डं जमवतो.

खेळायला पुण्या-मुंबईकडे जावं लागतं, आणि आलो की ट्रॅकवर चौकशी होते.

"काका, काल येरवड्याला होतात म्हणे. किती केले?"

"११४."

"वा! नाबाद?"

आता याला काय सांगणार? गोल्फमध्ये जितके कमी तितकं चांगलं. अठरा होलांचं, म्हणजे अठरा खड्ड्यांत चेंडू घालायचं, जे काम साधारण ७२ फटक्यांत उरकायचं असतं, ते मी ११४ मध्ये उरकलं. हे समजावता समजावता अर्धी फेरी जाते आणि शेवटी तो म्हणतो, "म्हणजे त्याच पैशांत तुम्हाला जास्त खेळायला मिळालं की!" या हिशेबात मला अजून चूक सापडलेली नाही.

स्कोअरकार्ड म्हणजे त्या मैदानाचा सातबारा. कुठला होल किती यार्डांचा, पार, म्हणजे तिथे अपेक्षित फटके, तीन की चार की पाच, अवघडपणात त्याचा नंबर कितवा, सगळं रकान्या-रकान्यांत. हँडिकॅप नावाचा, म्हणजे खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांचा, बोजा चढवलेला. खाली सह्या. फरक एवढाच की हा उतारा काढायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत. पहिल्या टीजवळ, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेजवळ, फुकट मिळतो, बरोबर बोटभर लांबीची पेन्सिल. पेन्सिलीला मागे खोडरबर नसतो. ज्याने ही पेन्सिल काढली, त्याला माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक असणार.

खोडायचं काम मग आमच्या स्टिकांची पिशवी वाहणारे कॅडी करतात, तेही लिहिण्याआधीच. मागे एका होलवर माझा चेंडू आधी पाण्यात गेला, मग झाडीत, मग वाळूत, आणि मधे एकदा मी नुसतीच स्टिक फिरवली, चेंडू होता तिथेच. कॅडी कार्ड काढून म्हणाला, "साहेब, सात लिहू?"

"अरे, नऊ झाले. तो हवेतला धर, पाण्याचा दंड धर."

"राहू द्या साहेब. सात बरे दिसतात."

मी नऊच लिहायला लावले. त्याने इतक्या नाराजीने लिहिले की तो आकडा आजही कार्डावर मान खाली घालून उभा आहे. पण खोटं कार्ड ठेवून करायचं काय? आणि या खेळात कार्डाची दहशत मोठी. १९६८ च्या मास्टर्समध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या गोल्फच्या मोठ्या स्पर्धेत, अर्जेंटिनाचा रॉबेर्तो दे विचेन्झो शेवटच्या दिवशी ६५ खेळला. कार्ड लिहिणाऱ्या जोडीदाराने सतराव्या होलवर तीनाच्या जागी चार लिहिले, याने न बघता सही ठोकली. सही झाली की जास्तीचा आकडा तसाच धरतात, त्यामुळे ६५ चे ६६ झाले आणि बॉब गोल्बीशी होणारी बरोबरी हुकली. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. ही गोष्ट मी घरी जेवताना सांगितली तेव्हा आमची ही म्हणाली, "म्हणून म्हणते, बँकेचे कागद वाचून सह्या करत जा." विषय तिथून थेट गॅसच्या सबसिडीवर गेला.

कार्डाच्या मागे त्या त्या मैदानाचे स्थानिक नियम छापलेले असतात. ते मी रात्री आवडीने वाचतो. अशा नियमांचा मुकुटमणी १९४० सालचा आहे. इंग्लंडवर बॉम्ब पडत असताना रिचमंडच्या क्लबने तात्पुरते नियम काढले: फटका मारतानाच बॉम्ब फुटून नेम चुकला, तर त्याच जागेवरून दुसरा चेंडू मारता येईल. दंड, एक फटका. बॉम्ब हिटलरचा आणि दंड आपल्याला! असा नियम करणाऱ्या माणसाला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी करायला हवा.

खरा छळ मात्र नातेवाइकांचा. माझा नियम साधा आहे: जिथे खेळलो नाही, तिथलं कार्ड ठेवायचं नाही. कोरं कार्ड म्हणजे नुसतं माहितीपत्रक. पण छंद कळला की माणसं मदतीला धावतात. भाचा स्कॉटलंडला गेला आणि सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचं कार्ड घेऊन आला. कोरं करकरीत. वर कौतुकाने, "मामा, तुम्हीच भरा ना, कोण बघतंय?" मेव्हणीने दुबईचं आणलं. व्याह्यांनी तर कुठल्याशा रिसॉर्टमधलं मिनी गोल्फचं आणलं, त्यावर पाणघोड्याचं चित्र. सगळ्यांसमोर हरखून जावं लागतं, आणि पुढच्या वेळी ते आले की कार्ड कुठे लावलंय याची तपासणी होते. दिवाणखान्यात पाणघोडा दर्शनी जागी आहे. माझ्या हातची, घाम लागलेली, नऊ-नऊ लिहिलेली कार्डं माळ्यावर, बुटांच्या खोक्यात.

दिवाळीच्या आवराआवरीत ते खोकं दरवर्षी खाली येतं. यंदा रद्दीवाल्याने एक कार्ड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हे पेपरच्या भावात नाही जाणार. पुठ्ठ्यात धरावं लागेल." जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा वर्ग ठरवला. मी खोकं उचलून परत माळ्यावर ठेवलं. त्याच गडबडीत सेंट अँड्र्यूजचं कार्ड खाली राहिलं आणि दुपारी भिशीच्या बायकांनी त्यावर मिसळीची ताटली ठेवली. तर्री नेमकी सतराव्या होलवर सांडली. तो होल जगातल्या अवघड होलांत गणला जातो, आणि आता तर तो दिसतही नाही.

परवा मेव्हणीचा फोन आला. कोलकात्याला निघाली होती. ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब तिथलाच, रॉयल कलकत्ता, १८२९ चा. हे तिला मीच कधीतरी सांगून बसलो होतो.

"अहो, ताई विचारतेय, तिकडून तुमच्यासाठी काय आणू?"

"संदेश आण म्हणावं. चांगला खोकाभर."

ही फोनमध्ये म्हणाली, "अगं, यांची साखर वाढलीय. कार्डच आण."