पॅनेलमागचे मेण आणि ३० टक्के जादा वीज

व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतो आहे: सोलर पॅनेलच्या पाठीला मेणाचा पातळ थर द्या, ते उष्णता शोषून घेते आणि वीज ३० टक्के वाढते. मेण उष्णता शोषते एवढे खरे.

‘३० टक्के वाढ.’ सिलिकॉन पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजतात. त्यापुढे दर अंशाला ती साधारण ०.३५ टक्क्याने घटते. ५४० वॅटचे पॅनेल ६५ अंशांवर गेले की ७६ वॅट जातात. ते सगळे परत मिळवले तरी वाढ १६ टक्क्यांचीच. ३० आणणार कुठून? पॅनेल १० अंशांनी थंड राखले तर १९ वॅट मिळतील. तीन तासांचे झाले ५७ वॅट-तास, म्हणजे एक युनिट जमायला अठरा दिवस.

‘कोणतेही मेण चालते.’ मेणाची खरी कमाई वितळताना होते, किलोला सुमारे २०० किलोज्यूल. मेणबत्तीचे मेण वितळते ५५ ते ६० अंशांना, म्हणजे पॅनेल पुरते तापल्यावर. मेणाऐवजी पाणी धरलेले कॅल्शियम क्लोराइडचे स्फटिक (एक क्षार) घेतले तर ते २९ अंशांना वितळतात. पण मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पहाटेही पारा २८ च्या आसपास असतो, ते पुन्हा गोठणार कधी? शिवाय ते ॲल्युमिनियम खातात, आणि पॅनेलची फ्रेम ॲल्युमिनियमचीच. त्यातल्या त्यात ४० ते ४५ अंशांना वितळणारे पॅराफिन (खनिज तेलापासूनचे मेण) बरे.

‘पातळ थर पुरतो.’ चौरस मीटरमागे ३०० वॅट उष्णता तीन तास शोषायची, तर २.६ चौरस मीटरच्या पॅनेलला ४० किलोच्या वर मेण लागते. पॅनेलचे स्वतःचे वजन तीसेक किलो. स्ट्रक्चर आणि वादळी वारा दोन्हींचा हिशेब बदलला. शिवाय मेण उष्णतेचे मंदवाहक. पॅनेलला लागलेला थर वितळतो, मागचा तसाच राहतो, म्हणून आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हव्यात. वितळताना ते १० ते १५ टक्के फुगते; मेणाचा डबा काठोकाठ भरला तर सांधा उसवतो. सगळे मेण वितळून गेले की पाठीची हवा अडलेली असल्याने दुपारनंतर पॅनेल उलट जास्त तापू शकते. जंक्शन बॉक्स (पाठीवरची तारा जोडायची डबी) झाकला तर आतले डायोडही भाजू शकतात. वॉरंटीचे तर विचारूच नका.

पाठीमागे मोकळी हवा खेळू द्या, ती फुकट आहे.

मेणबत्तीचेच मेण सोलर ड्रायरमध्ये (उन्हाच्या उष्णतेने पदार्थ वाळवायच्या पेटीत) मात्र कामाचे, कारण तिथे ५५-६० अंशांची उष्णताच हवी असते. २५ मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियम नळ्यांत वितळलेले मेण भरा, वर १५ टक्के जागा फुगण्यासाठी सोडा, दोन्ही तोंडे पक्की बंद करा आणि नळ्या ट्रेखाली, गरम हवेच्या वाटेवर आडव्या बसवा.