चारशे चौरस फुटांतला नाताळ

डिसेंबर लागला की फोनवर सजवलेल्या घरांची छायाचित्रे येऊ लागतात. पांढरा सोफा, त्यावर लोकरीची पांढरी शाल, छताला टेकलेले झाड, बाजूला शेकोटी आणि खिडकीबाहेर बर्फ. ती घरे सुंदर असतात, यात वाद नाही. पण ती पाहून आमच्यासारख्या वन बीएचकेत राहणाऱ्या माणसाने मान वळवून स्वतःच्या हॉलकडे पाहिले, की फ्रिज, चपलांचे कपाट, शिवणयंत्र, दोन दप्तरे आणि दोरीवर वाळणारे गणवेश दिसतात, आणि असा नाताळ आपल्या घरी होणे नाही, अशी खूणगाठ मन तिथल्या तिथे बांधून टाकते. मीही ती कित्येक वर्षे बांधली होती. आता माझे मत बदलले आहे. लहान घर नाताळात शांत आणि उबदार वाटायचे असेल, तर आधी घरातले काही काढून ठेवावे लागते आणि जे मांडायचे ते एका दिवसात न मांडता चार आठवडे पुरवून मांडावे लागते, असे मी आता अनुभवाने म्हणते.

माझे माहेर वसईच्या एका गावातले. घराला ओटी होती, अंगण होते, मागे केळीची वाडी होती. बाबा बांबूच्या कामट्या तासून चांदणी बांधायचे, तिला पतंगाचा कागद चिकटवायचे आणि आत चाळीसचा पिवळा बल्ब सोडायचे. अंगणाच्या कोपऱ्यात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा उभा राहायचा. त्या घरात सजावट कधी अडचण वाटली नाही, कारण ती बहुतेक घराबाहेरच असायची. आज आम्ही पाच माणसे स्टेशनजवळच्या इमारतीत जेमतेम चारशे चौरस फुटांत राहतो, आणि जे काही करायचे ते दहा बाय चौदाच्या हॉलमध्येच करावे लागते.

माझ्या मूर्खपणाचा किस्सा आधी सांगून टाकते. सहा वर्षांपूर्वी मी सहा फुटी प्लॅस्टिकचे झाड आणले. दुकानात ते मध्यम आकाराचे वाटले होते. घरी उघडल्यावर त्याच्या खालच्या फांद्या दिवाणापासून टीव्हीपर्यंत पोचल्या. कपाटाचे एक दार महिनाभर अर्धेच उघडत होते आणि सासूबाईंना मोरीकडे जायचे तर अंग चोरून जावे लागत होते. झाडावर मी लुकलुकणारी रंगीत माळ सोडली होती, आणि त्या माळेतून एक चिरकी धून सतत वाजत असे, जी बंद करण्याची सोय त्या माळेत नव्हती. चौथ्या रात्री अ‍ॅडॅप्टरमधून जळका वास आला आणि धून थांबली. घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, हे मला त्या वेळी आवडले नव्हते. पण खरे तेच होते. सणाच्या नावाखाली मी घरातल्या माणसांच्या वावरण्याची जागा खाल्ली होती.

पुढच्या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये बसले असताना मला एक गोष्ट नव्याने दिसली. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी सुरू होतो. या दिवसांत धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एरवी असणारे गौरवगीत गाळलेले असते. म्हणजे उपासनेनेच हा काळ मुद्दाम थोडा रिकामा ठेवलेला आहे. आणि आपण मात्र पहिल्याच दिवशी सगळे दिवे लावून मोकळे होतो आणि वीस तारखेपर्यंत स्वतःच त्यांना कंटाळतो.

आगमनकाळाच्या मेणबत्त्यांची कथाही मला म्हणूनच आवडते. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान विखेर्न नावाचे पाद्री गरीब मुलांची एक संस्था चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुले रोज विचारू लागली, तेव्हा त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारी लावायच्या चार मोठ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान. रोज एक मेणबत्ती वाढत जायची आणि मुलांना किती दिवस उरले ते मोजता यायचे. आजचे चार मेणबत्त्यांचे चक्र त्याचेच लहान रूप आहे. चाक जुने, वाट पाहणारी पोरे आणि रोज वाढणारा एकेक दिवा. लहान घराला याहून सोयीची सजावट कोणी सुचवलेली नाही. आमच्याकडे ते चक्र एका पितळी ताटलीत असते. तीन जांभळ्या मेणबत्त्या मिळतात, तिसऱ्या रविवारची गुलाबी मात्र आमच्या बाजारात हटकून मिळत नाही, म्हणून पांढरीला गुलाबी रिबन बांधते. आज ती लावली.

आता घर. पहिल्या आठवड्यात मी काहीही मांडत नाही, फक्त काढते. फ्रिजवरचे सगळे उतरते, दारावरची चुंबके आणि बिलेही. शोकेसमधल्या ट्रॉफ्या, फुलदाण्या आणि कोणीतरी कधीतरी दिलेल्या शोभेच्या वस्तू एका खोक्यात जाऊन पलंगाखाली बसतात आणि जानेवारीत परत येतात. निम्म्या परत येतही नाहीत. कपडे वाळवायची दोरी एक महिना बाल्कनीच्या ग्रिलमध्ये जाते. या कामाचा फोटो काढण्यासारखा नसतो, पण घर शांत दिसण्याचे निम्मे श्रेय याच कामाचे आहे. बाजारात हल्ली 'मिनिमल' या नावाने मातकट रंगाच्या लाकडी चांदण्या आणि तागाच्या माळा मिळतात, आणि त्या आमच्या जुन्या चमचमीत माळांपेक्षा तिप्पट महाग असतात. भरलेल्या शोकेसमध्ये त्याही घुसवल्या तर पसाऱ्यात आणखी एका पसाऱ्याची भर, एवढेच होते.

दुसऱ्या आठवड्यात प्रकाश. याबद्दल मी जरा हट्टी आहे. आपल्या घरांत छताला पांढरी ट्यूब असते. तिचा उजेड वरून सगळीकडे सारखा पडतो आणि त्यात भिंतीवरचा ओल आलेला डाग आणि पाहुण्यांचे चेहरे सारख्याच निष्ठुरपणे दिसतात. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्यावी. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, दवाखान्यातला उजेड. २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचा, माझ्या बाबांच्या चांदणीतला. मी २७००चे दोनच दिवे वापरते, आणि दोन्ही कमरेच्या उंचीवर ठेवते. एक शिवणयंत्रावर, दुसरा शोकेसच्या खालच्या फळीवर. संध्याकाळी सात वाजता ट्यूब बंद करून हे दोन दिवे लावले, की खोलीचे कोपरे अंधारात जातात आणि भिंती कुठे संपतात ते चटकन कळत नाही. दहा बाय चौदाची खोली मोठी दिसण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. एक बारीक तांब्याच्या तारेची माळ आहे, ती लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत गुंडाळून ठेवते. ती लुकलुकत नाही.

खऱ्या मेणबत्त्यांचे कौतुक छायाचित्रांत फार असते. पण आमच्याकडे डिसेंबरातही संध्याकाळी पंखा एकवर लागतो आणि पंख्याखाली मेणबत्ती तग धरत नाही, शिवाय पडदा हातभर अंतरावर. म्हणून प्रार्थनेपुरती, दहा मिनिटे, पंखा बंद करून आणि सगळे समोर बसलेले असताना लावतो. ती दहा मिनिटे घरात कोणी बोलत नाही. पंख्याची घरघर थांबल्यावर घर किती शांत असते, हे वर्षातून याच दिवसांत कळते.

उबेबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. शेकोटी, लोकर, बर्फ ही थंड मुलखातल्या माणसाची गरज आहे आणि तिथे ती शोभते. वसईत बर्फ दिसतो तो मासळी बाजारात, पापलेटांखाली. झाडावर कापसाचे पुंजके टाकून आम्हीही लहानपणी बर्फ केला आहे, त्याला मी हसत नाही. पण आपल्याकडची ऊब निराळी आहे. रात्री पातळ गोधडी पायावर ओढावीशी वाटते, गॅसवर करंज्यांच्या सारणाचे खोबरे परतले जात असते, कुलकुल या नाताळच्या गोड पदार्थाचे पीठ वळायला शेजारच्या दोन मुली येऊन बसतात. नाताळ हा शब्ददेखील आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला, ते १५३४ ते १७३९ इतका काळ वसईत होते. पण शब्द त्यांचा राहिला तरी त्याच्या आतला तांदूळ, नारळ आणि गूळ आपलाच आहे. सजावटीतही तेच धोरण ठेवायला काय हरकत आहे?

तिसऱ्या आठवड्यात गव्हाणी, म्हणजे येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा. इथे मी रेंगाळते. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री पहिली गव्हाणी मांडली असे मानतात, आणि तिच्यात काय होते? गवताने भरलेली एक गव्हाण, एक बैल, एक गाढव. पुतळे नव्हते, रोषणाई लोकांनी हातात आणलेल्या मशालींची. हे वाचल्यापासून माझ्या गोठ्यातल्या प्लॅस्टिकच्या बदकांची, आरशाच्या तळ्याची आणि पुठ्ठ्याच्या पुलाची मी रजा घेतली. आता शिवणयंत्राच्या फळीवर, दोन फूट बाय एक फुटात, सारा गोठा बसतो. मागचा डोंगर खाकी कागद चुरगाळून केलेला. छप्पर माहेरच्या वाडीतल्या सुकलेल्या केळीच्या पानांचे. खाली आजीच्या लाल लुगड्याचा तुकडा. ते लुगडे धुऊन धुऊन इतके मऊ झाले आहे, की त्याचा लाल रंग आता विटकरीकडे झुकला आहे, आणि एका कडेला आजीने घातलेले रफूचे टाके आहेत. ते टाके मी मुद्दाम पुढच्या बाजूला ठेवते.

गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी आम्ही गहू पेरतो. रात्रभर भिजवलेले गहू पसरट ताटात, दोन बोटे मातीवर, चोवीस तारखेच्या साधारण दहा-बारा दिवस आधी. परवाच पेरले. ताट झाकून ठेवले होते तेव्हा शेजारच्या वहिनी हळद मागायला आल्या, त्यांनी झाकण उचलून पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, हे तर आमचे घट!" मग आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून पाणी किती शिंपडायचे यावर बराच वेळ बोललो. त्यांच्या मते मी जास्त घालते. बहुधा त्यांचे बरोबर आहे, गेल्या वर्षी माझा अर्धा गहू कुजला होता.

झाड आम्ही आता घेत नाही. किनाऱ्यावर सुरूच्या बनात वाऱ्याने पडलेली एखादी फांदी मिळते, ती तांब्यात पाणी घालून उभी करते. तिच्यावर आईने दिलेले काचेचे पाच लाल गोळे, जे वर्षभर अंड्यांच्या ट्रेमध्ये राहतात. सुरूची काडी-काडी आठवड्याभरात गळू लागते, म्हणून ती शेवटच्या आठवड्यातच आणावी. संत्र्यात लवंगा टोचून ठेवण्याचेही तसेच. नागपुरी संत्री या दिवसांत भरपूर असतात, वास घरभर दरवळतो, पण मी एकदा पंधरा तारखेलाच टोचून ठेवले आणि आपल्या दमट हवेत पंचवीसला त्याला हिरवी बुरशी होती. पॉइन्सेटियाची कुंडी घेणार असाल तर तिची लाल दिसणारी ती फुले नव्हेत, पाने असतात, आणि ती लाल व्हायला रोज लांब, अखंड अंधार लागतो. आमची कुंडी जिन्यातल्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली होती. ती फेब्रुवारीपर्यंत हिरवीगार राहिली.

मुलांना हे सगळे आवडते का? नाही. धाकटीचे स्पष्ट म्हणणे आहे, की आमचे घर इमारतीत सर्वांत फिके दिसते. म्हणून तह झाला आहे: खिडकीच्या ग्रिलच्या आतले माझे आणि बाहेरचे तिचे. बाहेर हिरवी-निळी-गुलाबी चांदणी लटकते, जिचा लुकलुकाट समोरच्या इमारतीपर्यंत पोचतो, आणि मी तिच्याबद्दल एक शब्द काढत नाही. जमिनीवर काहीही ठेवायचे नाही, हा नियम मात्र सर्वांना लागू आहे. पंचवीसच्या दुपारी आमच्या हॉलमध्ये सतरा माणसे सतरंजीवर जेवायला बसतात. शांत सजावट म्हणजे कोणी हात लावू नये अशी सजावट असेल, तर ती आमच्या उपयोगाची नाही.

बाळयेशूची मूर्ती अजून कपाटात, रुमालात गुंडाळलेली आहे. ती चोवीसच्या रात्री मिस्सेहून आल्यावर ठेवायची. बाळाच्या दर्शनाला येणारे तीन राजे तर ६ जानेवारीला पोचायचे. ते सध्या फ्रिजवर आहेत आणि तिथून शिवणयंत्रापर्यंत रोज वीतभर पुढे सरकतात. काल रात्री पाहिले तर एक राजा एकदम पाण्याच्या फिल्टरपर्यंत येऊन उभा होता. विचारले तर कोणी कबूल करत नाही. धाकटी म्हणते, तिचा हात तिथे पुरत नाही. सासूबाई जपमाळ घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.