सिलेक्टचा मॅप झाला, नलचं काय?

“एसक्यूएल क्वेरी हॅस्केलमध्ये न्यायला डोकं लागत नाही. सिलेक्ट म्हणजे मॅप, व्हेअर म्हणजे फिल्टर, ग्रुप बाय म्हणजे ग्रुपबाय, जॉइन म्हणजे लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, नल म्हणजे नथिंग.” डेटाबेसमधून माहिती काढायच्या एसक्यूएल भाषेतली मागणी, म्हणजे क्वेरी, हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत कशी लिहायची, याचा हा तक्ता प्रोग्रामर मंडळींत भलताच फिरतोय.

पहिल्या दोन जोड्या मान्य: सिलेक्ट आणि मॅप प्रत्येक ओळीतून हवं ते काढतात, व्हेअर आणि फिल्टर अट न पाळणाऱ्या ओळी गाळतात. सिलेक्ट लिहितात सगळ्यात वर आणि लागू होतं व्हेअरनंतर, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

ग्रुपबायच्या बाबतीत मात्र नावावर जाऊ नका. हॅस्केलचं हे फंक्शन फक्त शेजारशेजारच्या सारख्या नोंदी एकत्र बांधतं. ‘पुणे, नाशिक, पुणे’ अशी यादी द्या, तीन गट मिळतील. एसक्यूएल दोनच देईल. आधी सॉर्ट करा, नाहीतर सारख्या किल्लीच्या नोंदी एकत्र करणारं मॅपचं फ्रॉमलिस्टविथ सरळ वापरा. (हा मॅप म्हणजे किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्या साठवणारं डेटा स्ट्रक्चर, वरचा नव्हे. नावांचा घोळ आहेच.)

खरी गोम नलमध्ये, म्हणजे एसक्यूएलच्या ‘किंमत माहीत नाही’ या खुणेत. नथिंग ही हॅस्केलची ‘काही नाही’ची खूण. नथिंग बरोबर नथिंग का, असं विचारलं तर हॅस्केल ‘ट्रू’ म्हणतं. एसक्यूएलमध्ये नल बरोबर नल याचं उत्तर ट्रूही नाही, फॉल्सही नाही, ‘अननोन’. आणि व्हेअर फक्त ट्रू असलेल्या ओळी ठेवतं. आता ‘नॉट इन’ (यादीत नसलेले) घ्या. कंसातल्या यादीत ३ आणि एक नल आहे. ग्राहक क्रमांक ७ त्यात नाही, हे उघड्या डोळ्यांना दिसतं, तरी एसक्यूएल त्याला गाळतं. कुठलाच ग्राहक उरत नाही. हॅस्केलचं तेच काम करणारं नॉटएलेम ७ ला बिनदिक्कत आत घेतं. जुन्या एसक्यूएल रिपोर्टमध्ये शून्य ओळी आणि नव्या हॅस्केलच्या रिपोर्टमध्ये शेकडो, हे कोडं सोडवण्यात माझा अख्खा दिवस गेलाय. वर गंमत अशी की ग्रुप बाय करताना तेच एसक्यूएल सगळे नल एकाच गटात टाकतं!

साध्या जॉइनचं, म्हणजे दोन टेबलांतल्या जुळणाऱ्या ओळी जोडण्याचं, उत्तर कॉम्प्रिहेन्शनने (याद्यांमधून अटीनुसार नवी यादी बनवायची हॅस्केलची पद्धत), जोडायच्या रकान्यात नल नसतील तर, बरोबरच येतं, पण दहा-दहा हजार ओळींच्या दोन याद्या म्हणजे दहा कोटी तुलना. डेटाबेसचा प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) अशा वेळी हॅश जॉइन (किल्लीवरून थेट जुळणी शोधायची पद्धत) निवडू शकतो. हॅस्केलमध्ये त्यासाठीचा किल्ली-किंमतीचा मॅप तुम्हालाच बांधावा लागतो. आणि कॉम्प्रिहेन्शन एवढं पुरेसं असतं, तर हॅस्केलच्या निर्मात्यांपैकी वाडलर आणि पेटन जोन्स यांनी २००७ मध्ये त्यात ‘ऑर्डर बाय’ (क्रम लावणं) आणि ‘ग्रुप बाय’ची भर कशाला सुचवली असती?

तक्त्यात नसलेली एक गोष्ट: एकही ओळ नसेल तर एसक्यूएलचं सम (बेरीज) नल देतं, हॅस्केलचं ०. म्हणून भाषांतर तपासताना मी तीन गोष्टी मुद्दाम घालतो: नल असलेली यादी, विस्कळीत क्रमातली गावं आणि एक रिकामा टेबल.