चीनमधले म्हातारे आणि आपले फॉरवर्ड

'चीनमध्ये आईवडिलांना भेटायला गेलं नाही तर थेट तुरुंग! म्हणून तिथे वृद्धाश्रम नाहीत, अंथरुणाला खिळलेल्यांची सेवाही मुलंच करतात.' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे यंदा तिसऱ्यांदा आलं, खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग.

आधी तुरुंग. १ जुलै २०१३ पासून लागू झालेला सुधारित कायदा एवढंच म्हणतो, की वेगळं राहणाऱ्यांनी घरच्या वृद्धांना 'वारंवार' भेटावं किंवा त्यांची विचारपूस करावी. वारंवार म्हणजे किती, ते कायद्यात नाही. न भेटल्यास शिक्षाही नाही. त्याच दिवशी वूशी शहरातल्या कोर्टाने एका लेकीला ७७ वर्षांच्या आईला दोन महिन्यांतून एकदा तरी भेटायला सांगितलं, ती बातमी जगभर फिरली. आईबापांना वाऱ्यावर सोडणं हा तिथे वेगळा गुन्हा आहे. तो आपल्याकडेही आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. किती जणांना ठाऊक आहे?

वृद्धाश्रम नाहीत, हे तर साफ खोटं. शांघायचं नियोजनच '९०-७-३' या सूत्रावर आहे: नव्वद टक्के वृद्ध घरी, सात टक्के वस्तीतल्या सेवांच्या आधाराने, तीन टक्के संस्थांत.

आता 'मुलंच करतात'. कुठली मुलं? १९८० च्या सुमारास आलेलं एका अपत्याचं धोरण २०१५ पर्यंत चाललं. शहरातल्या एकुलत्या एकाच्या वाट्याला दोन आईबाप, लग्न झालं की चार. खेड्यातला मुलगा कारखान्याच्या शहरात. तिथली 'हुकोऊ' ही रहिवासाची नोंद नसल्यामुळे आईला सोबत नेलं तरी तिच्या उपचारांचं आणि सवलतींचं अडतं. मग अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याची दर दोन तासांनी कूस बदलते कोण? बहुतेक वेळा बायकोच, तीही पंचाहत्तरीची, गुडघे गेलेली. सेवेसाठी बाई ठेवावी तर शेतकऱ्याच्या पेन्शनची किमान मूळ रक्कम २०२४ मध्ये वाढून झाली महिना १२३ युआन, म्हणजे जेमतेम दीड हजार रुपये.

सरकारलाही हे कळतं, म्हणून २०१६ मध्ये १५ शहरांत दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा प्रायोगिक पातळीवर सुरू झाला, २०२० मध्ये शहरं ४९ झाली. सगळं मुलंच करत असती तर हा खटाटोप कशाला? हेनान प्रांताने एकुलत्या एका अपत्याला पालकांसाठी वर्षाला किमान २० दिवस रजा दिली, तीही साठीपुढचे आईवडील रुग्णालयात असतील तरच. घरी आणलं की रजा संपली.