विडुकिंड दोन होते, आणि मूळ हस्तलिखित उरलेले नाही

‘शार्लमेनशी लढलेल्या सॅक्सन सरदार विडुकिंडने आपल्या लोकांचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला आणि त्याच्या हातची प्रत आजही जपून ठेवलेली आहे’, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

फ्रँक राजा शार्लमेनशी लढलेला विडुकिंड हा उत्तर जर्मनीतल्या सॅक्सन लोकांचा सरदार; त्याचा बाप्तिस्मा 785 साली झाला. इतिहास लिहिणारा विडुकिंड हा जर्मनीतल्या कोर्वाय मठातला साधू, जवळपास पावणेदोनशे वर्षांनंतरचा. त्याने 967-968 च्या सुमारास तीन खंडांचा ग्रंथ लिहून जर्मन राजा (पुढे सम्राट) पहिल्या ऑटोच्या मुलीला, क्वेडलिनबर्गची मठाध्यक्षा मॅटिल्डाला अर्पण केला. पुढे त्यात ऑटोच्या 973 मधल्या मृत्यूपर्यंतची भर पडली.

त्याच्या हातची प्रत मात्र उरलेली नाही. हाताशी आहेत त्या सगळ्या नंतरच्या नकला. त्यांतल्या महत्त्वाच्या प्रती ड्रेस्डेन, माँते कासिनो आणि लंडन या तीन ठिकाणच्या संग्रहांतल्या, आणि त्यांचा पाठ सगळीकडे सारखा नाही. मेन्झचा आर्चबिशप हाट्टो याच्यावरचा भागच वेगवेगळ्या प्रतींत वेगळा येतो. म्हणून ‘विडुकिंड म्हणतो’ असे लिहिताना कुठल्या प्रतीतला पाठ घेतला, हे सांगायलाच हवे.

पाठाइतकीच सावधगिरी आशयाबाबतही हवी. 955 मध्ये लेखफेल्डच्या लढाईत मग्यारांवर (हंगेरियनांवर) मिळवलेल्या विजयानंतर सैन्याने ऑटोला सम्राट म्हणून गौरवले, असे हा ग्रंथ सांगतो. 962 मध्ये रोमला पोपच्या हातून झालेल्या राज्याभिषेकाचा मात्र त्यात उल्लेखच नाही. केवळ या ग्रंथावरून ऑटो 955 मध्येच सम्राट झाला असे लिहिणेही चूक ठरेल.